दहावं कार्ड

आधीच कबूल करतो, या सदरातले अनुभव मी आजवर टिंगल करायलाच वाचले. भूतबीत सगळं झूट, असं बायकोला ऐकवणारा मी इंजिनीअर माणूस! आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय...

२००४. नोव्हाय, मिशिगन. आई गेल्यानंतर बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ - म्हाताऱ्या माणसानं करावं काय? दुपारी एका चॅनेलवर जुन्या ब्लॅक अँड व्हाइट गेम शोचे भाग पुन्हा लागायचे, त्याचं त्यांना वेडच लागलं. मी ऑफिसमधून आलो की सुरू.

"नंदू, ऐक. पाहुणा येतो, फळ्यावर सही करतो. समोर चार जण. त्यांनी नुसते प्रश्न विचारून त्याचा धंदा ओळखायचा. पाहुण्यानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. प्रत्येक 'नाही'ला एक कार्ड उलटतं. दहा उलटली की पाहुणा जिंकला! आणि पाहुणा नावाजलेला असला, तर चौघांच्या डोळ्यांवर पट्ट्या, न् तो आवाज बदलून बोलतो."

कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून त्यांनी दहा कार्डं कापली, फ्रिजवर मॅग्नेटनं लावली. कार्डं उलटायचं काम माझ्या सहा वर्षांच्या ईशाकडे. बाबा चिरक्या आवाजात कधी न्हावी व्हायचे, कधी माहूत. मी तिसऱ्याच प्रश्नाला वैतागायचो - "हरलो बाबा, चला जेवायला."

"अरे बाप्पा, अर्ध्यातून उठू नये! दहावा प्रश्न झाल्याशिवाय पाहुण्याला उठता येत नाही."

हा नियम त्यांचा स्वतःचा. मी हसायचो.

ते परत गेले. दर शनिवारी मी कॉलिंग कार्डवरून फोन करायचो. प्रश्न ठरलेले - जेवलात का, गोळी घेतली का, फिरायला गेलात का. उत्तरंही ठरलेली - हो, हो, हो. एकच प्रश्न मी टाळायचो. "मी येऊ का?" व्हिसाचं स्टॅम्पिंग बाकी होतं, ते भारतात गेल्यावर तिथल्या अमेरिकन वकिलातीतच व्हायचं; त्याशिवाय परत येता येत नाही. गेलो आणि तिकडेच अडकलो तर नोकरी जाईल, ही धास्ती.

पुढच्या फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे दहा. त्या दिवशी फोन तिकडूनच आला. बाबा स्वतःहून कधी करत नसत. मी स्पीकर लावला. तोच चिरका आवाज - "ओळखा पाहू!" ईशा "आजोबा!" करत फ्रिजकडे धावली.

"जेवलात का?"

"नाही."

"गोळी घेतली?"

"नाही."

फिरायला गेलात? नाही. दादा जवळ आहे? नाही. घरी आहात? नाही. स्वारी मस्करीच्या मूडमध्ये दिसते, असं मला वाटलं. थंडी आहे का? नाही. झोपला होतात? नाही. गुडघा दुखतोय? नाही.

"मग काही हवंय का?"

"नाही..."

"वन मोअर, बाबा!" ईशा मला ओरडून म्हणाली. तेवढ्यात माझ्या मोबाइलवर मॅनेजरचा फोन.

"पुरे हं बाबा हा पोरखेळ. नंतर करतो," म्हणालो आणि ठेवला.

वीस मिनिटांनी दादाचा फोन. बाबा गेले. तिकडच्या संध्याकाळी पाचला, हॉस्पिटलमध्ये. आमचं बोलणं झालं तेव्हा तिकडे साडेआठ वाजले होते! तीन दिवस आयसीयूत होते, घराला कुलूप. "बाबाच म्हणाले, नंदूला सांगू नको, व्हिसाच्या भानगडीत आहे पोरगं," दादा रडत सांगत होता.

फोनच्या कॉलर आयडीवर त्या कॉलची नोंदच नव्हती. भास म्हणावा, तर बायकोनं, मुग्धानंही ऐकलं होतं. आणि फ्रिजवर नऊ कार्डं उलटी होती.

तेराव्याला पोचलो. स्टॅम्पिंगला किती दिवस लागले माहितीये? चार. चार दिवसांसाठी मी बापाला... जाऊ दे.

तीन वर्षं झाली. कुणीतरी याचा उलगडा करून द्यावा म्हणून डोकं फोडलं, काही मिळालं नाही. घर बदललं, तरी कार्डं नव्या फ्रिजवर तशीच लावलीत. मुग्धा म्हणते, काढ रे आता. कशी काढू? शनिवारी दहाला फोनपाशी बसून मोठ्यानं विचारतो, "बाबा, मी येऊ का?" कुणी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

अर्ध्यातून मी उठलो. त्यांना मात्र अजून उठता आलेलं नाही.