पत्ता खालून वाचायचा

चाचा बुधवारी सकाळी अकोल्यात वारले. त्यांच्या मुलीचा फोन दहा वाजता आला. मी साडेअकराच्या बसनं अमरावतीहून निघाले. जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी पोचले तेव्हा माणसं त्यांना दफन करून परत आली होती.

साऱ्या वऱ्हाडात चाचांइतका संशयी माणूस नव्हता, आणि ज्याच्यावर डोळे मिटून विसंबावं असा माणूसही मला दुसरा भेटला नाही. ते माझ्या बाबांचे दोस्त. दोघांनी रेल्वेच्या टपालडब्यात एकत्र नोकरी केली. धावत्या गाडीत उभं राहून पत्रं लाकडी खणांत टाकायची, हे काम चाचांनी बत्तीस वर्षं केलं. त्या कामात पत्ता खालून वाचतात. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. गल्ली आणि माणूस हे पुढच्या टपालवाल्यानं पाहायचं. निवृत्तीनंतर डबा सुटला, पण वाचायची रीत काही सुटली नाही. लग्नाची पत्रिका हातात आली की ते तळापासून सुरुवात करत. "जेवन हाय. मंगल कार्यालयात पंखे हायेत. आता नवरदेव कोन ते पाहू." डॉक्टरांची चिठ्ठी ते सहीपासून वाचत आणि सही लागली नाही तर औषध घेत नसत. मी एकदा त्यांना एक कादंबरी वाचायला दिली. महिन्यानं परत करताना म्हणाले, "बाई शेवटी मरते ते पह्यलेच समजलं. कावून मरते ते पाहाले मागं मागं गेलो, तर पह्यल्या पानावर चांगली धडधाकट होती. लेखकानं उगाच मारली तिले."

दुसरी खोड याहून अवघड होती. कुठलीही गोष्ट एका बाजूनं खरी ठरली, तरी ती उलट्या बाजूनं तपासल्याशिवाय ते मानत नसत. आमचं घर राजापेठेत. बाबा गेल्यावरही चाचा महिन्याच्या पहिल्या रविवारी न चुकता येत. स्टेशनवरून विचारत विचारत आमच्या दारापर्यंत पोचले की आत न येता रस्त्यावरच्या एखाद्या ऑटोवाल्याला विचारत, "स्टेशनले कसं जातेत?"

"बसा ना चाचा, सोडतो."

"बसत नाही. आत्ताच आलो तिथून."

"मंग इचारून कावून राहिले?"

"आलो तो रस्ता परत जाते का नाही, ते पाहून राहिलो."

राजापेठेतले ऑटोवाले पुढे पुढे त्यांना पाहिलं की गाडी वळवून घेत. फोनवरही हाच प्रकार. चाचा स्वतःचं नाव कधी सांगत नसत. घंटी वाजायची, आपण हॅलो म्हणायचं, आणि पलीकडून प्रश्न यायचा, "बोल, मी कोन?" उत्तर बरोबर आलं तर संभाषण, नाही तर फोन बंद. वीज मंडळाच्या माणसाशी त्यांचं आयुष्यात एकदाही बोलणं होऊ शकलं नाही, त्याचं कारण हेच.

अशा माणसाचा आणि ई-मेलचा काही संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं. मी तेव्हा बियाणं तपासणाऱ्या एका छोट्या खासगी प्रयोगशाळेत होते. कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक सर ती चालवत. ओल्या कागदावर शंभर दाणे ठेवायचे, किती उगवतात ते मोजायचं आणि अहवाल पाठवायचा. अहवाल मी लिहीत असे. मी पुस्तकं वाचते, म्हणजे मला कॉम्प्युटरही समजत असणार, असा सरांनी निष्कर्ष काढला होता. त्यामुळे मागच्या खोलीतल्या टेबलाखाली ठेवलेलं, आमची मेल पाठवणारं ते यंत्रही माझ्याच गळ्यात पडलं. त्या उन्हाळ्यात आम्ही इंटरनेटची कंपनी बदलली. नव्या कंपनीनं यंत्राला नवा आकडा, म्हणजे टिंबांनी तोडलेला चार तुकड्यांचा इंटरनेटवरचा पत्ता, दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून आमची प्रत्येक मेल परत येऊ लागली. सोबत इंग्रजीत एक ओळ असे. तिचा अर्थ इतकाच, की तुमचं नाव आणि तुमचा आकडा जुळत नाही.

इतर वेळी मी वैतागून गप्प बसले असते. पण दर्यापूर तालुक्यातल्या एका सोसायटीत सोयाबीनचं बियाणं येऊन पडलं होतं. आमच्याकडे आलेल्या नमुन्यात शंभरातले एकतीस दाणे उगवले. जिल्ह्याच्या कृषी कार्यालयाचा हुकूम आल्याशिवाय सोसायटीला वाटप थांबवता येत नव्हतं. मी अहवालाचा कागद घेऊन कार्यालयात गेले, तर बाबूंनी नवं परिपत्रक पुढे केलं. अहवाल प्रयोगशाळेच्या स्वतःच्या पत्त्यावरून, ई-मेलनंच यायला हवा. सोसायटीचे सचिव रोज फोन करत. "म्याडम, लोकं बैलगाड्या घेऊन येऊन राहिले. सोमवारी वाटप हाय. मी तोंडी किती जनाले थांबवू?" त्या वर्षांत सकाळचं वर्तमानपत्र मी पहिलं पान आत घालून घडी करत असे. दुसऱ्यांदा पेरणी करण्याचं बळ कुणाकडे उरलं नव्हतं.

आठ दिवस मी यंत्रातल्या हाती लागतील त्या सगळ्या नोंदी बदलल्या. मग तो पहिला रविवार उजाडला. चाचा नेहमीप्रमाणे रस्ता उलटा तपासून आत आले. मी जेवत नव्हते, म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता ऐकलं.

"बेटा, पोराचं स्थळ आलं. पोरगा म्हने, मी अमुक, अमुक घरी राहतो. पोरीच्या बापानं काय करावं?"

"चौकशी."

"कुठं?"

"त्या घरी जाऊन."

"बस. घराले इचारावं, इथं कोन राहते? घरानं तेच नाव सांगितलं तर पोरगी द्या. तुह्या यंत्रानं नाव सांगितलं. पन त्या आकड्याले कोनी इचारलं का, तू कोनाचा म्हून?"

आकड्याला काही विचारता येतं, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. विचारायचं मात्र सुचलं नव्हतं. आम्ही दोघं जेवण टाकून प्रयोगशाळेत गेलो. मी आकडा विचारला. म्हणजे तो यंत्रात टाकून कोणाच्या नावावर आहे ते पाहिलं. पडद्यावर राजापेठेतल्याच एका शिकवणी वर्गाचं नाव आलं. तो आकडा आमच्या आधी त्यांच्याकडे होता आणि कंपनीच्या दप्तरात नाव तसंच राहून गेलं होतं. आमचे बियाण्यांचे अहवाल बारावी सायन्सच्या नावानं फिरत होते.

चाचांना एवढ्यानं कुठलं समाधान? ते स्वतः त्या वर्गात जाऊन खात्री करून आले. तासाभरानं हातात माहितीपुस्तिका घेऊन परतले. "आकडा त्यायनं मागच्या सालीच सोडला. मले मात्र घेऊन राहिले होते. आजोबा, बायोलॉजी घ्या म्हने, डेमो लेक्चर फुकट हाय."

सोमवारी कार्यालय उघडताच आम्ही इंटरनेट कंपनीत हजर. तिथल्या साहेबांनी आधी हात झटकले. "तुमची सेटिंग तुम्ही दुरुस्त करा."

चाचा म्हणाले, "साहेब, दारावरची पाटी तिची. गावाचं दप्तर तुमचं. पाटी तिनं आठ दिवस पुसून पाह्यली. आता दप्तर काढा."

साहेबांनी दप्तर काढलं, वर्गाची नोंद खोडली, आकडा घालून आमची नवी नोंद लिहिली. आम्ही धावत परत आलो. मी आकडा विचारला. आता काहीच उत्तर आलं नाही. चुकीचं नाव गेलं होतं, आमचं आलं नव्हतं. तेवढ्यात सचिवांचा फोन वाजला. "म्याडम, दुपारी दोनले वाटप सुरू होते."

आम्ही पुन्हा कंपनीत. साहेब म्हणाले, नोंद केली आहे, वेळ लागतो. चाचांनी त्यांना पडदा आमच्याकडे वळवायला लावला, चष्मा पुसला आणि नोंद तळापासून वाचायला घेतली. मग त्यांनी मला आमचं नाव एका कागदावर लिहायला सांगितलं, खाली आकडा. दोन्हींवरून बोट फिरवलं.

"नाव हे लहानाकडून मोठ्याकडं जाते. आधी यंत्र, मंग प्रयोगशाळा, शेवटी देश. बराबर?"

"बरोबर," मी म्हणाले.

"आन आकडा? त्याचा कोनता तुकडा कंपनीचा, कोनता आपल्या घराचा?"

"पहिले तुकडे कंपनीचे. शेवटचा आपला."

"म्हंजे आकडा मोठ्याकडून लहानाकडं. साहेब, दोघांचे तोंड दोन दिशेले. मंग तुमच्या दप्तरात आकडा नावाच्या दिशेनं, म्हंजे उलटा मांडाले पाहिजे का नाही? तुमी तर सुलटाच लिहून ठेवला."

साहेब हसले. मग त्यांनी हसू आवरलं आणि नागपूरला फोन लावला. बोलता बोलता ते दोनदा "हो सर" म्हणाले, फोन ठेवला आणि आकड्याचे तुकडे शेवटाकडून पुन्हा लिहिले. साहेबांनी पुढे केलेला चहा चाचांनी घेतला, आणि परक्या ठिकाणी ते चहा घेत नसत.

पावणेबाराला मी आकडा विचारला. आमचं नाव आलं. अहवाल पाठवला, आणि तो परत आला नाही. मी टाळी वाजवणार, तर चाचांनी माझा हात धरला. "गेला म्हंजे पोचला का?" त्यांनी जिल्ह्याच्या कार्यालयात फोन लावला.

"साहेब, बियान्याचा कागद आला का?"

"आला."

"वाचा. खालून."

बाबूंनी का कोण जाणे, वाचला. आधी सरांची सही, मग तारीख, मग वर वर चढत एकतीसपर्यंत. तिथे ते थांबले. मग म्हणाले, "हुकूम काढतो."

दोन वाजता सोसायटीचं वाटप सुरू झालंच नाही. साडेतीनला सचिवांचा फोन आला. चाचांनी फोन माझ्या हातून घेतला आणि विचारलं, "मी कोन?" सचिवांना अर्थातच सांगता आलं नाही. चाचांनी फोन ठेवून दिला.

मागच्या महिन्यात त्यांनी मला शेवटचा फोन केला. आवाज बारीक झाला होता. "बोल, मी कोन?"

"चाचा."

"बराबर," ते म्हणाले.

प्रयोगशाळा सरांच्या मागे बंद झाली, त्याला चार वर्षं झाली. टेबलाखालचं यंत्र भंगारात गेलं. अकोल्याहून परत आले त्या संध्याकाळी मी घरच्या कॉम्प्युटरवर तो जुना आकडा विचारून पाहिला. तो आता दुसऱ्या कुणाकडे असेल, आणि त्याच्याही मेल परत येत असतील. कंपनीला कळवायला हवं. चाचांनी तर पत्ता शोधून त्याचं घरच गाठलं असतं. मी उद्या कळवणार आहे. आज अजून आकडा विचारला की आमचं नाव येतं.