गच्चीवरच्या तीन होड्या

त्या सकाळी मामीचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होतो. "अन्या, तुझे मामा गेले रे... झोपेतच. मी चहाला उठवायला गेले तर..." दूध उतू गेलं. हर्सूलहून पुंडलिकनगरला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच खुळा विचार होता, की आता होडीत मामीच्या समोर कोण बसणार?

होडी म्हटल्यावर तुम्ही चमकला असाल. आमच्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं तरी लोक एकमेकांना फोन करून कळवतात. अशा गावात राहून दिगूमामांना निवृत्तीनंतर शिडाची जुनी होडी घ्यायची होती, आणि मामीला सोबत घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडायचं होतं. शेंद्र्याला फायबरच्या पाण्याच्या टाक्यांच्या कारखान्यात ते सुपरवायझर होते. टाकी बोटानं ठोकायची आणि आवाजावरून आत कुठं पोकळी राहिली ते सांगायचं, हे त्यांचं काम. ती सवय घरीही सुटली नाही. कलिंगड, भिंत, नवा जावई, सगळं ठोकून बघायचे. दहावीत मी गणितात गटांगळी खाल्ली तेव्हा माझं डोकं ठोकून ते आईला म्हणाले होते, "ताई, काळजी करू नकोस, माल भरीव आहे. फक्त अजून वाळला नाही." पुढं मी भूगोलाचा मास्तर झालो. वाळलो की नाही, ते विद्यार्थ्यांना विचारा.

विकाऊ होड्यांच्या जाहिराती मामा मोबाइलवर बघायचे, पण नुसत्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. एका रविवारी जाऊन बघतो तर उरलेल्या ऑइलपेंटनं त्यांनी गच्चीवर तीन होड्या आखलेल्या, खऱ्या मापाच्या, एकीत एक. लाल सगळ्यांत लांब आणि अलीकडच्या बनावटीची. तिचं नाक गच्चीत मावेना म्हणून कठड्यावर चढवलेलं. निळी मधल्या मापाची, आमच्या तरुणपणातली. आणि पिवळी सगळ्यांत छोटी, सगळ्यांत म्हातारी.

"नवी हलकी असते बघ," मामा सांगायचे, "पळते लवकर, आत जागा ऐसपैस. पण लाटेवर आपटते. जुनी जड, आत अंधारी, पण लाट कापत जाते. तेव्हा फायबर किती जाड लागतं ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून भीतीपोटी थरावर थर थापायचे. भीतीनं केलेलं काम लई टिकतं."

मग आम्हाला प्रत्येक होडीत बसून बघावं लागे. मामी पोळपाट घेऊन लाल होडीत बसली आणि तिथून हलेचना. "इथं दोन शेगड्या मावतात. हीच घ्या."

"अगं, लांबी वाढली की शीड जड, दोर जड, नांगर जड. ओढणार कोण?"

"तुम्ही! हौस कुणाची आहे?"

"आणि पाण्याची टाकी बघितलीस का पिवळीतली? एवढुशी."

"टाकीचं मला नका सांगू. आठ दिवस एका टाकीवर घर चालवते मी. आधी नळाला पाणी येऊ द्या, मग समुद्राचं बघू."

मामा खूश होऊन माझ्याकडं वळले, "बघितलंस? समुद्राकाठच्या लोकांना जमणार नाही ते हिला जमतं. अर्धी खलाशी तर झालीच आहे ही!"

शेवटी आम्ही तिघं गोव्याला गेलो. एका खाडीत गच्चीवरच्याच मापांच्या तीन होड्या विकायला होत्या, म्हणून आम्ही त्यांना नावंही तीच दिली, लाल, निळी, पिवळी. मामांनी निळी ठोकत ठोकत अर्धी प्रदक्षिणा घातली आणि एका जागी थांबले. आवाज बद्द आला. "आत पाणी मुरलंय," ते मालकाला म्हणाले, तेही दिलगिरीच्या सुरात, जणू चूक त्यांचीच होती. लाल होडी देखणी होती, पण तिचं शीड उभारताना मामांना मधेच बसावं लागलं. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवलेली होती त्यांच्या. पिवळीच्या मालकानं आम्हाला बाहेर नेलं. वर्षानुवर्षं फळ्यावर सागरी प्रवाहांचे बाण काढणारा मी पहिल्या लाटेलाच कठड्यावर ओणवा झालो. त्यामुळं पुढचं मी बघितलं कमी, ऐकलं जास्त. मामांनी सुकाणूचा दांडा मामीच्या हातात दिला होता.

"अहो, मला काय येतंय यातलं?"

"त्या लाल खांबाकडं तोंड ठेव. हां... एवढंच."

"आणि तुम्ही?"

"मी नाहीच असं समज. मला काही झालं तर तुला एकटीला काठावर येता आलं पाहिजे. त्यासाठीच तर बघतोय ना सगळ्या..."

मी मान वर केली तेव्हा मामी पदर खोचून, ओठ घट्ट मिटून त्या खांबाकडं बघत होती आणि होडी सरळ चालली होती. धक्क्याला लागल्यावर तिनं आपणहून पिवळीच्या अंगावर बोटानं ठोकलं, कान लावला आणि म्हणाली, "खणखणीत आहे. हीच."

ती होडी घ्यायची राहिली. दिवाळीआधी मामांना पुन्हा त्रास झाला आणि डॉक्टरांनी प्रवासालाच नाही म्हटलं. मला वाटलं, मामा खचतील. ते मात्र मजेत होते. "अरे, ठरलं तर ना! लोकांचं ठरतच नाही." संध्याकाळी दोघं गच्चीवर पिवळ्या रेघांच्या आत खुर्च्या टाकून चहा प्यायचे. दांड्याच्या बाजूची खुर्ची मामीची.

मामा गेले त्याला काही महिने झाले. परवा पावसाळ्याआधी गच्चीला पांढरा थर द्यायला सलीमभाई आले. हॉलचं छत गळतं. लाल होडी गेली, निळी गेली. पिवळीपाशी मामी उभी राहिली.

"सलीमभाई, एवढी सोडून मारा."

"भाभी, इतना छोडा तो पानी वहींच से उतरता!"

"उतरू द्या. होडीत थोडं पाणी येणारच."

त्या दिवशी मीच बादली शोधून हॉलमध्ये ठेवली. वर गेलो तेव्हा पांढऱ्याशुभ्र गच्चीवर ती एकच पिवळी होडी होती आणि मामी आपल्या जागेवर बसून चहा पीत होती. समोर मामांची खुर्ची होती. तिनं मला बसायची खूण केली. मी वाकून आधी जमीन ठोकली...

"कशी आहे?" मामीनं विचारलं.

"खणखणीत," मी म्हणालो आणि बसलो.