टॅपेटचा पाना

बाभुळगावात माझी मोटरसायकल दुरुस्त करणारे काका बिघाड कधीच स्वतः सांगत नाहीत. गाडी चालू करतात आणि फोन इंजिनाजवळ धरतात. पलीकडे पुण्याच्या एका वर्कशॉपात कामाला लागलेला त्यांचा मुलगा असतो.

"ऐक बरं, काय होऊन राह्यलं याले?"

"टॅपेट ढिले झाले, बाबा."

"आसं का! मले तं समजलंच नोतं."

हे म्हणताना त्यांच्या दुसऱ्या हातात टॅपेटचा पाना असतो. तो त्यांनी फोन लावायच्या आधीच काढून ठेवलेला असतो, हे मी कितीदा पाहिलं आहे. मग जेवला का, खोलीवर पाणी येते का, हे विचारायला त्यांना वाट मिळते. नुसतं तेवढ्यासाठी फोन लावणं या माणसाला जमत नाही.

सोमवारी मुलगा वैतागला. "बाबा, तुमाले आवाजावरून समजते ना? मंग मले काहून विचारता? इथं कामं पडले हायेत."

फोन बंद झाला. तरी काका तो इंजिनाजवळ धरून उभेच होते. मग गाडी बंद करून म्हणाले, "रेंज गेली. राहू द्या गाडी."

आज शनिवार. पाच मिनिटांच्या कामासाठी गाडी तिथेच धूळ खात उभी आहे. मी विचारलं, "झाली का, काका?"

"कशी होईन? पोराचा फोन कुठं आला अजून."

पाना त्यांच्या हातातच होता.