अण्णा डॉक्टर आणि माझा पुढचा दात

माझा पुढचा एक दात मला सहा खेपांना, कागलच्या एका लग्नाला आणि चारचौघांतल्या एका माफीला पडला.

स्वस्तात पडला.

तो दात वाचवणारे आमचे अण्णा डॉक्टर आज सकाळी गेले.

माझा बँड आहे, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालायचो, तिथून ट्रम्पेटपर्यंत आलो. आज वीस माणसं मागं वाजवतात आणि एकाचा सूर हलला तरी मला मान न वळवता कळतं. कानाच्या बाबतीत आपण कुणाला हार जात नाही.

पण ट्रम्पेट वाजतो ओठावर, आणि ओठ टेकतो पुढच्या दातांवर.

एका मिरवणुकीत कुणाचा तरी कोपर लागला आणि ट्रम्पेट दातावर आदळला. तेव्हा काही झालं नाही. काही वर्षांनी दात काळपट पडला. हिरडीला पुळी, तोंडात पू.

एका डॉक्टरानं सांगितलं, काढून टाका, नकली बसवा.

मी राजारामपुरीत अण्णांकडं गेलो. त्यांनी एक्स-रे बघितला.

"काढायला पाच मिनिटं लागतील, मास्तर. याच दातावर वाजवायचं असेल तर मला वेळ द्या."

रूट कॅनाल सुरू झालं. दाताभोवती रबराचा पडदा, मागून बारीक भोक, आत सुया. आणि मग नुसतं धुणं! स्विमिंग टँकसारख्या वासाचं औषध दाताच्या मुळात सोडायचं, ओढून घ्यायचं, परत सोडायचं.

एकदा पडदा निघाल्या निघाल्या मी म्हणालो, "अण्णा, दात धुताय का म्हस?"

"म्हस बाहेरनं धुतात, मास्तर. तुमची घाण आत आहे."

धुऊन झालं की कागदाची बारीक वात मुळात घालायचे, बाहेर काढायचे आणि मास्क खाली करून हुंगायचे.

"अजून वास येतोय."

मग आत चुन्यासारखं पांढरं औषध, वरून तात्पुरतं सिमेंट.

"चुनाच भरताय व्हय? मग तंबाखू माझ्याकडं हाय की!"

नर्सबाई हसल्या. अण्णा हसले नाहीत.

"पंधरा दिवसांनी या. तोवर ट्रम्पेट बंद."

पंधरा दिवस! ऐन लग्नसराईत! तिसरी खेप होती, ठणका थांबला होता. भरल्या दवाखान्यात मी आवाज चढवला. "आता दुखत न्हाय. उगंच खेपा घालायला लावताय. कायमचं भरून टाका."

"घाण आत ठेवून वरून झाकायचं काम मी करत नाही."

मी तडक निघालो. पंधरा दिवस गेले, महिना गेला. मी वाजवत राहिलो.

कागलच्या लग्नात नवरदेव घोड्यावर, मी ऐन अंतऱ्यावर, आणि ओठ भरून आला. नाकापर्यंत सूज. ट्रम्पेटमधून नुसती हवा.

मुलीचा बाप सगळ्यांदेखत म्हणाला, "काय वो पावणं, बँड आणलाय का सायकलचा पंप?"

दुसऱ्या दिवशी अण्णांचा दवाखाना तसाच भरलेला. तिथंच हात जोडले. "चुकलं अण्णा. ट्रम्पेट गेला तर मी गेलो."

ओरडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "आ करा."

त्या दिवसासकट आणखी तीन खेपा. तेच धुणं, तीच वात. शेवटच्या दिवशी त्यांनी वात दोनदा हुंगली आणि माझ्या नाकापुढं धरली.

"काय येतोय?"

"काय न्हाय."

"आता भरतो."

पुढच्या वर्षी आमची मिरवणूक दवाखान्याखालून चालली होती. अण्णा पेशंट सोडून खाली आले. हातभर अंतरावर उभे. अख्खं गाणं नजर हलली नाही. संपल्यावर म्हणाले, "हसा बघू जरा, मास्तर." मी खूश होऊन बत्तीशी दाखवली.

मग दर वर्षी तेच. मी गावभर सांगत सुटलो, "अण्णांसारखा रसिक कोल्हापुरात न्हाय. माझा ट्रम्पेट ऐकायला पेशंट सोडून येतात!"

आज अण्णांच्या घरी वहिनींना भेटायला गेलो, तिथंही हेच बोललो.

वहिनी रडता रडता हसल्या.

"अहो मास्तर, त्यांना बँडचा आवाज अजिबात सोसायचा नाही. कानांत कापूस घालून खाली जायचे. तुमची हिरडी बघायला. वर आले की सांगायचे, सूज नाही."

अण्णा, शेवटचा नमस्कार.

घरी येऊन आरशापुढं मीच हसून बघितलं.

सूज नाही.