खिडकीची चंदेरी रेघ

बाबांनी शाळेत असताना जोडलेली प्लॅस्टिकची मोटार मी नव्याने रंगवत होते. खिडकीभोवतीची चंदेरी रेघ दोनदा बिघडली. तिसऱ्यांदाही बिघडून थिनरने पुसावी लागली असती, तर जुनं प्लॅस्टिक विरघळलं असतं. शेवटी मी मोटार घेऊन लालबागच्या आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात गेले. तिथले काका मूर्तींचे डोळे रेखतात.

"हिलाही डोळे काढायचे?" त्यांनी विचारलं.

"नाही काका, खिडकी."

त्यांनी ब्रशचा हात टेबलावर टेकवून स्थिर धरला आणि दुसऱ्या हाताने मोटारच हळूहळू फिरवली. मग ब्रश मला दिला. "दुसरी बाजू तू कर."

माझी रेघ कोपऱ्यात जाड आली.

"राहू दे. दोन्ही बाजू एकदम कोण बघतंय?"

घरी बाबांनी मोटार दोन्ही बाजूंनी पाहिली. माझी बाजू कुठली, ते मी सांगितलं नाही.