सगळे म्हणाले, ती सावलीत होती

नोकरीत मी प्रेतं पुष्कळ पाहिली. पाण्यातली, रुळावरची, झाडावरची. डोळ्यांनी जे पाहिलं ते माणूस विसरतो. पण त्या पोरीच्या कपाळाला हात लावला तेव्हा जो चटका बसला, तो माझा हात अजून विसरला नाही. मेलेलं माणूस थंड लागतं. ती चुलीवरून आत्ता उतरवलेल्या गंज-पातेल्यासारखी होती.

नाव कोणाचंच सांगणार नाही. त्या घरची लेकरं आता लग्नाची झाली असतील, त्यांना त्रास कशाला.

मी सातवी शिकून शिपाई म्हणून भरती झालो. या घटनेच्या वेळी जमादार होतो. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं ठाणं हायवेला लागून. ट्रकांचे अपघात, ढाब्यावरची मारामारी, धानाच्या बांधावरून भांडणं, असंच काम जास्त. त्या हायवेवर तेव्हा एक वॉटर पार्क नवीन निघालं होतं. पाण्याच्या घसरगुंड्या, लेकरांची छोटी रेल्वे, सिमेंटचा हत्ती. उन्हाळ्यात लोक किरायाची जीप करून घरचे सगळे घेऊन जात. कांदे, पन्हं, ताकाची कॅन, पाण्याचा कॅम्पर, सगळं सोबत.

नवतपा चालू होता. त्या नऊ दिवसांत आमच्याकडे दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. ऊन उतरायच्या वेळी ठाण्यात फोन वाजला. बाई बोलत होती, घाबरलेली.

"एक बाई मेली हाय जी आमच्या इथं, पार्कात. तिले जीपमध्ये घालून नेऊन राहिले. म्यानेजर म्हणते, कोणाले सांगू नोका, लफडा नोको. मी सांगतलं म्हणून नोका सांगसाल."

"तू कोण?"

"कपडे किरायानं देतो मी तिथं." आणि फोन ठेवला.

मी दोन शिपाई घेतले आणि नाक्यावर उभा राहिलो. जीप आली. पुढे ड्रायव्हरजवळ म्हातारा, डोक्याला दुपट्टा. मधल्या सीटवर त्याचा मोठा मुलगा, थोरली सून आणि दोन लेकरं. लेकरांचे केस अजून ओले. एकाच्या गळ्यात हवेची रबरी चकती, ती काढायचंही कोणाला सुचलं नव्हतं. मागे आडव्या फळीवर धाकटी सून निजवलेली, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन तिचा नवरा.

म्हातारा म्हणाला, "तब्येत बिघडली साहेब. दवाखान्यात नेऊन राहिलो."

"दवाखाना मागं गेला. गाडी गावाकडं कायले चालली?"

मी मागे गेलो आणि हात लावला. तो चटका तेव्हाचा.

गाडी ठाण्यात घेतली. प्रेत ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला. लग्नाला तीन वर्षंच झालेली, आणि सात वर्षांच्या आत बाई मेली की पंचनामा तहसीलदार करतात, म्हणून त्यांना निरोप गेला. नवीन कोरी साडी होती अंगावर, नायलॉनची, गडद लाल. साडीवर उलटी. दंडावर बोटांचे वळ. ठाणेदार साहेब तरुण, सांगलीकडचे. त्यांनी वळ पाहिले, उलटी पाहिली आणि म्हणाले, "जमादार, हे सरळ नाही. शेतकऱ्याचं घर आहे, घरात फवारणीचं औषध असणारच."

मला पण तेच वाटलं. आणि खरं आजारपण असतं तर लोक प्रेत लपवून पळतात कशाला?

सकाळी पोरीचा बाप आला. दवनीवाड्याकडचा शेतकरी, उंच, हडकुळा. रडला नाही. ठाण्याच्या आवारात चिंचेखाली बसला आणि म्हणाला, "मूल नाही म्हणून टोचून बोलत होते. फटफटी मांगितली होती, ते पण मी देल्ली नाही. आता मले मारणाऱ्याचं नाव सांगा. नाव सांगसाल तवाच मी तिले उचलू देतो. नाही तं सडू द्या तिथंच."

आपल्या पोरीबद्दल असं बोलणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. शिपाईसुद्धा खाली पाहत होते.

बयानं सुरू झाली. एकेकाला आत घेतलं, बाकीचे बाहेर. आधी नवरा.

"तू कुठं होतास?"

"पाण्यात. घसरगुंडीवर."

"किती वेळ?"

"दुपारभर. पैसे देल्ले होते ना जी, तं निघाच नाही वाटे."

"आणि बायको?"

"ते सावलीत होती. कँटीनच्या पडवीत. मी पाहिलं तिले एकदा, हात पण दाखवला."

"पाण्यात कशी नाही आली?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही येड्यासारखं विचारलं. "बाबा होते, दादा होता. त्यांच्यापुढं ओली होईल का जी?"

मग म्हातारा. सासू पूर्वीच गेलेली, घरात मोठं माणूस तोच. म्हणाला, "सून शेडमध्ये होती, कूलरपाशी. सगळ्यात थंड जागा तिले देल्ली होती."

मग मोठा भाऊ. आमच्याकडे सून नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणते. तो म्हणाला, "लिंबाखाली बसली होती. मी सोता पाहिलं."

आणि सापडली कुठे? कपडे बदलायच्या खोलीच्या मागे. टिनाची भिंत, पश्चिमेकडे तोंड. दुपारनंतर तिथे टीचभर सावली नसते. निघायची वेळ झाली तेव्हा थोरल्या सुनेनं शोधलं तिला.

ठाणेदार साहेबांनी टेबलावर पेन आपटला. "तिघं तीन जागा सांगतायत आणि बाई मिळाली चौथ्याच जागी. खोटं बोलायचं तर निदान ठरवून तरी बोलावं! जमादार, नवरा आणि भाऊ, दोघांनाही आत घ्या. म्हातारा संध्याकाळी. हुंडाबळी लावू."

मी म्हटलं, "साहेब, डॉक्टरचं तोंडी मत तर येऊ द्या."

"डॉक्टर व्हिसेरा नागपूरला पाठवतील, त्याला महिने लागतात. तोपर्यंत काय लिंबू सरबत पाजू त्यांना?"

जेवायला क्वार्टरवर गेलो. ठाण्याच्या मागेच होतं. बायकोनं ताट वाढलं. ती ठाण्याच्या भानगडी कधी विचारत नसे, पण मेलेली बाई होती म्हणून त्या दिवशी मीच सांगितलं. जीप, पार्क, शेड, लिंब, पडवी. ती वरण वाढता वाढता थांबली.

"पाणी कोणापाशी होतं?"

"कोणतं पाणी?"

"प्यायचं. कॅम्पर नेला म्हणता ना. तो कोणापाशी ठेवला होता?"

मी विचारलंच नव्हतं. पंचनाम्यात जागा होती, कपडे होते, वळ होते. पाणी नव्हतं. बायको आता नाही. गेल्या उन्हाळ्यात गेली. घरात बोलायला कोणी नाही म्हणून तर हे लिहायला बसलो. तेव्हा मी तिला "तुले काय समजते" असं काही म्हटलं नाही, हात धुतले आणि उठलो.

ठाण्याच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. सावली तेवढीच. आवारात ऊन असं की डोळे मिटावे लागत. बाकावर थोरली सून बसली होती, डोक्यावर पदर, दोन्ही लेकरं मांडीवर झोपलेली. मी समोर उभा राहून विचारलं, "बाई, पाण्याचा कॅम्पर कुठं होता काल?"

"शेडमध्ये."

"शेडमध्ये कुठं?"

"मामाजीच्या खाटेपाशी." मामाजी म्हणजे सासरा.

एवढ्यात आतून म्हातारा आला. साहेबांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं होतं. तो आला, दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला.

आणि ती उठली.

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं एक लेकरू खांद्यावर घेतलं, एक बाकावर तसंच झोपू दिलं, पदर पुढे ओढला आणि व्हरांड्याची पायरी उतरून उन्हात जाऊन उभी राहिली. चिंच लांब नव्हती. पण चिंचेखाली तिच्या जावेचा बाप बसला होता. तो पण मोठाच माणूस. म्हणून चिंचेखालीही नाही. मधोमध, भर उन्हात.



मी म्हटलं, "बाई, वर ये. बस."

"राहू द्या जी."

"अवो, बस म्हणतो ना!"

"मामाजी बसले हायत."

मी पायरी उतरून तिच्याजवळ गेलो. हळू विचारलं, "काल ते पण अशीच उठली का?"

तिचं तोंड वाकडं झालं. मग एकदम बोलत सुटली. "आम्ही गेलो तवा ते शेडमध्येच बसली होती जी. मामाजी आडवे व्हाले आले, तं उठली. लिंबाखाली गेली. मंग आमचे हे, तिचे भासरे, तिथं दुपट्टा टाकून निजले, तं उठली. पडवीत गेली. मामाजी चहासाठी तिथंच आले. मंग मले नाही दिसली. मी लेकरांमागं होती, रेल्वेपाशी, पाण्यापाशी. लेकरं भिजवत होते मले. म्हणून मी हाय. तिले लेकरू नव्हतं."

"पाणी मागितलं नाही तिनं?"

"मामाजीच्या उशाशी होतं ना जी. ते निजले होते."

तिघांची तीन बयानं माझ्या डोळ्यापुढे आली. तिघंही खरं बोलले होते. शेडमध्ये होती. लिंबाखाली होती. पडवीत होती. ज्यानं त्यानं ती उठायच्या आधी पाहिली होती, आणि सावलीत आहे म्हणून बिनघोर राहिला होता. उठल्यावर कुठे गेली हे एकानंही पाहिलं नाही. दंडावरचे वळ नवऱ्याच्याच बोटांचे, उचलून गाडीत टाकतानाचे. आणि पळाले ते बदनामीच्या भीतीनं, त्यात मॅनेजरनं घाई केली.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं होतं. बाकावरून म्हणाला, "मी तिले उठ नाही म्हटलं साहेब. देवाशपथ. कधीच नाही म्हटलं."

"बस म्हटलं का?"

तो मग उभा राहिला. बाक सोडला आणि भिंतीशी जाऊन थांबला, जागा रिकामी केल्यासारखा. "ये बाई, बस," म्हणाला. पण सून काही आली नाही. तो उभा होता ना. मोठं माणूस उभं असताना ती कशी बसणार? दोघं तसेच उभे. मध्ये रिकामा बाक आणि त्यावर झोपलेलं लेकरू. साहेब दारात येऊन पाहत होते. त्यांनाही समजलं. मग मला आत बोलावून म्हणाले, "जमादार, हे कोणत्या कलमात बसवू?"

मी म्हटलं, "कलम नाही साहेब."

दुपारी डॉक्टरांचं तोंडी मत आलं. विषाचा वास नाही, ऊन लागून मृत्यूची लक्षणं, व्हिसेरा राखून ठेवला आहे. पुढे नागपूरहून अहवालही तसाच आला. साहेबांनी अटक थांबवली. तहसीलदारांनी प्रेत ताब्यात द्यायला हरकत नाही म्हटलं. पण बाप चिंचेखालून हलत नव्हता. त्याला सांगायचं काम माझ्यावर आलं.

मी त्याच्याजवळ जमिनीवरच बसलो. जे कळलं ते जसंच्या तसं सांगितलं. तो शेवटी म्हणाला, "म्हंजे मारलं कोणी नाही."

"नाही."

"कोणी उठ पण नाही म्हटलं."

"नाही."

"सोताच उठली."

"हो."

त्यानं टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मला वाटलं आता हा शिव्या देईल, म्हणेल पोलिसानं पैसे खाल्ले. असं ऐकायची मला सवय होती. तो टोपीकडे पाहत म्हणाला, "लगीन लागलं ना जी, बिदाईच्या वक्ती मी तिले गाडीत बसवलं. तवा ते रडून राहिली होती. मी म्हटलं, मोठे दिसले का बसू नोको माय, पाणी मांगू नोको, आमचं नाव राख." त्यानं टोपीची घडी केली. "लहानपणी माझं एक ऐके नाही. लय हट्टी. एवढंच ऐकलं."

मग उठला आणि प्रेत उचलायला गेला. जावई रडत समोर आला, त्याला काही बोलला नाही. व्याह्यालाही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

कागदावर ते प्रकरण अकस्मात मृत्यू म्हणून बंद झालं. मी पुढे फौजदार होऊन निवृत्त झालो. मोठे गुन्हे उघड केले, बक्षिसं मिळाली, ती सगळी विसरलो. कारण तिथे कोणाला धरायचं ते माहीत होतं. इथे चांगली माणसं होती, एकमेकांना जपणारी, नवतप्यात लेकरांना थंड पाण्यात खेळवायला निघालेली, आणि त्यांच्यातली एक बाई त्यांच्या डोळ्यादेखत उन्हानं मेली.

त्यातून मी जे शिकलो ते छोटंच आहे. त्याआधी मी घरात चौकशीला गेलो की अंगणात खाट टाकून बसायचो, कर्ता माणूस बाजूला, आणि घरच्या बायका दाराआड उभ्या. बयान तसंच लिहून घ्यायचो. त्यानंतर तसं केलं नाही. बायकांचं बयान असलं की आधी माणसांना घराबाहेर काढायचो, म्हाताऱ्यांना पण. पुष्कळांना राग यायचा. सडक अर्जुनीकडे एक पाटील तर चिडून म्हणाला, "काऊन साहेब, आमच्यावर शक हाय का तुमचा?"

मी म्हटलं, "शक नाही पाटील. तुम्ही थोडं तिकडं जा. बाईले बसू द्या."