कोठारेसरांचा जिवंत डोळा

कोठारेसर रोज सकाळी बोकडाचे डोळे कोटाच्या खिशात घालून यायचे. थर्मासमध्ये, बर्फावर, हे खरं. पण तो थर्मास रिकामा झाला की विसळून त्यातच चहा मागवायचे. पहिल्या दिवशी ते पाहून मी बाहेर जाऊन ओकले. परत आले तर सर विचारतात, "मिस आपटे, साखर किती?"

परळच्या एका संशोधन संस्थेत मी त्यांची मदतनीस होते. ठाकूरद्वारच्या आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य, आणि मी बी.एस्सी. होऊन खाटकाकडचे डोळे कापायला गेले! संध्याकाळी आई मला दारातच थांबवायची. आंघोळ होऊन पातळ भिजत पडल्याशिवाय पाण्याच्या पिंपाला शिवू द्यायची नाही. मला तिचा राग यायचा नाही, कारण माझी मलाच शिसारी यायची. डोळा कापला की आतला बुळबुळीत गोळा बोटांना चिकटतो आणि तो वास साबणाने जात नाही. सरांना त्याचं काही नाही. हात जेमतेम विसळून ते डब्यातली सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी खायचे, वर मला आग्रह करायचे.

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक पडदा असतो. उजेड कळतो तो त्याला. सर तो अलगद सोडवून मीठ-साखरेच्या कोमट पाण्यात ठेवायचे. ते पाणी उकळून, गाळून मी तयार करायची. त्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे, आणि हे सगळं काळोख्या खोलीत, एका मंद लाल दिव्यावर. मधूनच क्षणभर बारीकसा उजेड पाडायचा. पडदा जिवंत असेल तर यंत्रावरचा ठिपका हलायचा. बोकड सकाळी मेलेला आणि त्याचा डोळा दुपारी अजून बघतोय! अंगावर काटा यायचा. पण खोटं कशाला बोलू, त्या ठिपक्याकडे बघताना मी किळस विसरून जायची.

"हळू. तिला दुखेल," सर पुटपुटायचे. तो पडदा म्हणजे त्यांच्या लेखी घरातली बाळंतीण. शिपाई तापाने फणफणत असला तरी त्यांना दिसायचा नाही. हिला मात्र वारा लागता कामा नये.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. आमची काळोखी खोली दुसऱ्या विभागाला हवी होती आणि निकाल द्यायला समिती येणार होती. पडदा पाच तास जिवंत ठेवून दाखवला नाही तर खोली जाणार, सरांचं सहा वर्षांचं काम गुंडाळलं जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. आमची मजल तीन तासांपुढे जात नव्हती. समितीच्या आदल्या दिवशी मात्र पाचवा तास लागला तरी ठिपका हलत होता. फोटोच्या पट्टीवर नोंद होत होती. आणखी चाळीस मिनिटं काढली की झालं. सर श्वाससुद्धा दबकून घेत होते.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेरून शिपाई सांगत होता की रस्त्यात अश्रुधूर सोडलाय, फाटकात माणसं आंधळ्यासारखी चाचपडतायत, त्यात एक म्हातारी आहे आणि नळाला पाणी नाही. आमच्याकडे पाणी फक्त सकाळी यायचं. गाळलेल्या पाण्याच्या सहा बाटल्या होत्या, पण त्या आत, आमच्याजवळ. दार उघडलं की उजेड येणार. आणि कापून काढलेल्या पडद्यावर एकदा लख्ख उजेड पडला की तो पुन्हा सावरत नाही.

मी सरांकडे पाहिलं.

"त्यांचे डोळे तासाभरात आपोआप बरे होतील," ते शांतपणे म्हणाले. "ही मरेल. चाळीस मिनिटं थांबायला सांगा."

शास्त्राच्या हिशेबी ते बरोबरही असेल. पण बाहेर म्हातारी डोळे गेले म्हणून रडत होती आणि हा माणूस घड्याळ बघत होता. इतकी किळस मला बोकडाच्या डोळ्यांचीसुद्धा कधी आली नव्हती. मी बाटल्या उचलल्या आणि दार उघडलं.

सर बाहेर आले ते बऱ्याच वेळाने. म्हातारी गिरणीत कामाला जाणारी मालवणी बाई होती. लाल झालेल्या डोळ्यांनी तिने सरांचा पांढरा कोट बघितला आणि हात जोडले. "डॉक्टरानु, देव तुमचा बरा करो," ती म्हणाली. सरांनी मान डोलावून तो नमस्कार घेतला. मला वाटलं, भांबावले असतील बिचारे.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे अर्धवट पट्टी ठेवून सर म्हणाले, "माणसांचे डोळे जळत असताना बकऱ्याचा डोळा काय कवटाळून बसायचा? मी दार उघडलं." अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. खोली आमच्याकडेच राहिली. मी कोपऱ्यात कपबश्या मांडत होते, पण तोंडातून ब्र काढला नाही. खोली गेली असती तर माझी नोकरीही गेली असती, आणि घरात मिळवती मी एकटी. पुढे नऊ वर्षं मी तिथेच काम केलं. पडदा सहा तास जगला, मग आठ तास. ती दाराची गोष्ट सर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले.

ते निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्या शिवाजी पार्कच्या घरी गेले होते. घरात पाहुणे होते. सरांनी कौतुकाने माझी ओळख करून दिली.

"या मिस आपटे. त्या दिवशी मी दार उघडत होतो, तर या मला अडवत होत्या. सर, पडदा जाईल म्हणाल्या! कामावर फार जीव हो यांचा."

सगळे हसले. मी सरांच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलणारा माणूस ओळखू येतो, आणि सर खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं. नऊ वर्षं गप्प बसून मीच त्यांना ते तसं आठवू दिलं होतं.